वाशिम येथील एक बंद वाडा

गेल्या माघ महिन्यांत आम्हांस वाशिमास जाण्याचा योग आला. योग म्हणण्यापेक्षां ओढ आणि लाज या दोहोंनीं मिळून आम्हांस तिकडे नेलें, असें म्हणणें अधिक खरें होईल. वाशिमच्या जुन्या वस्तींत आमच्या आजोबांचा वाडा आहे. तो दहा वर्षें बंद आहे. थकलेल्या घरपट्टीची नोटीस त्याच्या दारावर चिकटविलेली कोणा शेजाऱ्यानें पाहिली, तिचें छायाचित्र मोबाईलवर टिपलें, आणि तें पुण्या-मुंबईच्या आप्तांकडून फिरत फिरत अमरावतीस आमच्यापर्यंत आलें. नोटिशीवर नांव आमच्या आजोबांचें होतें. आजोबा १९६१ सालीं वारले. मृत मनुष्याकडे कर मागणारा तो कागद पाहून घरांतील मुलें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

अमरावतीहून आम्ही बडनेरा, कारंजा, मंगरूळपीर या वाटेनें निघालों. एस्. टी.च्या गाडींत खिडकीजवळची जागा मिळाली, हें प्रवासांतील पहिलें सुख. कपाशीची शेवटची वेंचणी चालू होती. तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या होत्या. हरभरा घाट्यांवर आला होता. कारंज्याच्या परिसरांतून नवा समृद्धि महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला. त्या रस्त्यावरील मोटारी क्षणांत दिसेनाशा होत होत्या. आमची गाडी मात्र जुन्या वहिवाटीनें प्रत्येक फाट्यावर थांबत, म्हाताऱ्या मनुष्यास शोभेल अशा बेतानें चालली होती. कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें गाडी थोडा वेळ थांबली, तेव्हां आम्हीं बसल्या जागीं हात जोडले.

वाशिम हें आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. अकोला जिल्ह्यांतून हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा काढण्यांत आला. परंतु या गांवाची खरी थोरवी कचेऱ्यांत नाहीं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी जें वत्सगुल्म, तेंच हें वाशिम. सर्वसेन या राजानें चौथ्या शतकांत ही शाखा स्थापिली. याच घराण्यांतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला, तो या वत्सगुल्म नगरांत. संस्कृत शिकवितांना ही कथा आम्हीं मुलांस कितीदां तरी सांगितली असेल. आणि प्रत्येक वेळीं "तें आमच्या आजोबांचें गांव" हें सांगावयास आम्ही विसरलों नाहीं. आमच्या तोंडी अभिमानाला कधीं खोट पडली नाहीं.

सर्वसेनाचा पुत्र द्वितीय विंध्यशक्ति याचा ताम्रपट वाशिमास सांपडला व १९३९ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांत राजानें आपल्या राज्यवर्षाच्या सदतिसाव्या वर्षीं अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गांव दान दिल्याची नोंद आहे. घेणाऱ्यांचीं नांवें गोत्रांसह दिलीं आहेत, आणि त्या गांवास कोणत्या करांतून सूट आहे तेंहि लिहिलें आहे. सोळाशें वर्षांपूर्वीं जमीन कोणाची आणि तिच्यावर देणें काय, हें तांब्यावर कोरून ठेवणारें हें नगर! त्याच नगरांत आमच्या वाड्याचा मालक कोण, हें चौसष्ट वर्षें कोणी कागदावर देखील लिहिलें नव्हतें.

गांवांत शिरल्यावर प्रथम बालाजीच्या दर्शनास गेलों. हें देऊळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, नागपूरकर भोसल्यांच्या पदरीं असलेल्या भवानी काळू यांनीं बांधविलें. मूर्ति परचक्राच्या भयानें जमिनींत पुरून ठेवल्या होत्या, पुढें ठेवणाऱ्यांसह ती जागाहि विस्मृतींत गेली, आणि बऱ्याच वर्षांनीं त्या अकस्मात् सांपडल्या, असें सांगतात. जपून ठेवलेली वस्तु ठेवणाराच विसरला म्हणजे ती हरवलीच, हा विचार त्या गाभाऱ्यासमोर मनांत आला; आणि मग वाड्याकडे पाय वळविणें टाळतां येईना.

देवळापासून थोड्या अंतरावर एका बोळांत वाडा आहे. देवडीची कमान शाबूत आहे. कुलूप गंजून कडीशीं एकजीव झालें होतें, तें तोडवावें लागलें. आंत चौक, चौकांत तुळशीवृंदावन, तीन बाजूंस ओसऱ्या. धाब्यावरची पांढरी माती दरसालच्या पावसानें वाहून गेली आणि माजघराचें छत बसलें. सागवानी खांब मात्र आपल्या जागीं उभे आहेत. भिंतींतील ज्या बळदांत आम्ही भावंडें लहानपणीं लपत असूं, त्याच्या तोंडाशीं आतां सापाची कात पडली होती. पूर्वेच्या भिंतींत पिंपळ रुजला आहे. पिंपळ तोडूं नये म्हणून कोणी तोडला नाहीं, आणि भिंत राखावी म्हणून कोणी आलें नाहीं. त्यामुळें ती भिंत चांगली हातभर शेजारच्या घराकडे कलली आहे.

त्या शेजारच्या घरांत शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एक बाई राहतात. आम्ही आल्याचें कळतांच त्या दाराशीं आल्या. आम्हांस वाटलें, आतां दोन शब्द ऐकावे लागणार. पण त्यांनीं आधीं पाण्याचा तांब्या पुढें केला, आणि मग म्हणाल्या, "गुर्जी, वाडा तुमचा हाय, ठेवा नाहीं तं मोडा. पन भीत आमच्या चुलीवर कलून राह्यली. पावसाळ्यांत रातभर लेकरांले घेऊन दुसऱ्या खोलींत बसतो. सांगाव तरी कोनाले? कुलपाले?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पस्तीस वर्षें मुलांस प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या मास्तरास एका बाईनें बोळांत उभें राहून निरुत्तर केलें.

देवघराचा कोनाडा अद्याप धड होता. तेथें एका लोखंडी तारेस ओंवलेल्या पावत्या सांपडल्या. घरपट्टीच्या त्या पावत्या होत्या. आजोबांच्या हयातींतील खालीं, मग मधल्या काकांच्या वेळच्या, आणि त्यांवर पुष्कळ वर्षांच्या, एकही साल न चुकलेल्या. काका तरुणपणींच वारले. त्यांना मूलबाळ नव्हतें. काकू या वाड्यांत एकट्या राहिल्या, आणि पापड, शेवया, कुरडया करून विकून त्यांनीं आपला निर्वाह केला, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. दर दिवाळीस त्यांना लुगडें पाठवीत असूं. परंतु घरपट्टी कोण भरतें, हा प्रश्न आम्हां पुतण्या-भाच्यांपैकीं एकाच्याहि मनांत आला नाहीं. प्रत्येकास वाटे, दुसरा कोणी भरीत असेल. २०१५ सालीं काकू गेल्या, आणि तारेवरील शेवटची पावती त्याच वर्षाच्या मार्चची आहे. साऱ्या पावत्या आजोबांच्या नांवाच्या आहेत. ज्या बाईनें आम्हां सर्वांचें घर एवढीं वर्षें राखलें, तिचें नांव एकाही पावतीवर नाहीं. तो गठ्ठा हातांत घेऊन आम्ही ओसरीवर किती वेळ बसलों होतों, तें सांगवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं नगरपरिषदेच्या कचेरींत गेलों. तेथील तरुण लिपिकानें आदरानें बसविलें, नोंदवही उघडली आणि सर्व रीत समजावून दिली. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आहे. त्याप्रमाणें प्रथम कराचें बिल येतें. मुदतींत न भरल्यास मागणीची नोटीस. तीहि व्यर्थ गेल्यास वॉरंट निघून जप्ती, आणि अखेर स्थावराचा लिलाव. शिवाय थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. दरमहा २ म्हणजे दरसाल २४, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आम्हीं तेथेंच कागद घेऊन हिशेब केला. वाड्याची घरपट्टी दरसाल २,२०० रुपये. चालू वर्ष सोडून दहा वर्षांचे २२,००० झाले. त्यांवर शास्ती, स्थूल मानानें व व्याजावर व्याज न धरतां, २९,०४०. एकूण ५१,०४०. मुदलापेक्षां शास्ती मोठी झाली! २०२५ सालीं राज्यसरकारनें अशी शास्ती माफ करण्यासाठीं अभययोजनेची वाट मोकळी केली आहे. पण माफी कधींतरी मिळेल या आशेवर बिल बाजूस ठेवणें हा शहाणपणा नव्हे.

"मग आपण लिलाव कां करीत नाहीं?" असें आम्हीं विचारलें. लिपिक हंसून म्हणाला, "गुरुजी, लिलाव पुकारला तर घेणार कोण? नांव मयताचें, वारस किती तें ठाऊक नाहीं. उद्यां एकजण जरी कोर्टांत उभा राहिला, तरी घेणाऱ्याचे पैसे अडकले. म्हणून बोली लागत नाहीं, कर येत नाहीं, आणि भिंत तेवढी पडत राहते."

त्या रात्रीं आमच्या दिवंगत चुलतबंधूंचा मुलगा दूरध्वनीवर आला. तो अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीस आहे, आणि वाड्याचा एक वारसदार आहे. त्यानें जें सांगितलें तें वाचकांसहि उद्बोधक वाटेल. त्या राज्यांत फ्लिंट नांवाचें एक मोटारींच्या कारखान्यांचें शहर आहे. १९६० सालीं त्याची वस्ती सुमारें १ लाख ९७ हजार होती. कारखाने गेले, माणसें गेलीं, आणि २०२० सालीं ती ८१ हजारांवर आली. मागें राहिलीं हजारों ओस घरें आणि थकलेला कर. पूर्वीं अशा घरांवरील कराचें येणें सट्टेवाले विकत घेत, आणि घर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जात जात कोसळत असे. १९९९ सालीं मिशिगननें कायदा बदलून करासाठीं घर ताब्यांत घेण्याची मुदत कमी केली, आणि मग अशा मिळकती सांभाळण्यासाठीं एक स्वतंत्र सार्वजनिक संस्था निर्माण झाली. तिला लँड बँक म्हणतात. सेंट लुई शहरांत अशी संस्था १९७१ पासून आहे. डेट्रॉइटची २००८ सालीं स्थापन झाली. या पेढीचें मुख्य कार्य घर विकणें हें नसून हक्क निर्मळ करणें हें आहे. जुनीं देणीं व जुने दावे मिटवून ती स्वच्छ कागद तयार करते. मग धोक्याचें घर पाडते, धड असेल तें दुरुस्त करविते. डेट्रॉइटमध्यें तर मोकळा झालेला लगतचा तुकडा शेजाऱ्यास शंभर डॉलरांत देतात, कारण ती जागा झाडून स्वच्छ ठेवण्याची इच्छा त्याच्याइतकी कोणास असणार?

आम्हांस त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची आठवण झाली.

परंतु तेथेंहि सर्व गोड नाहीं. मिनेसोटा राज्यांत एका वृद्धेकडे दंडव्याजासह सुमारें १५ हजार डॉलर थकले. सरकारनें तिचें घर ४० हजारांस विकलें आणि उरलेलेहि पैसे ठेवून घेतले. २०२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, येणें असेल तेवढेंच घ्यावें. त्याहून अधिक ठेवणें म्हणजे मोबदल्यावांचून मिळकत हिरावणें होय. त्या वेळीं ती वृद्धा ९४ वर्षांची होती.

आमच्या इकडेहि हा विचार नवा नाहीं. ज्याचा धनी सांपडत नाहीं असें धन राजानें तीन वर्षें राखावें, तेवढ्यांत धनी आला तर त्यास द्यावें, न आल्यास राजानें घ्यावें, असें मनूनें सांगितलें आहे. आश्चर्य असें कीं, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि वारस ज्ञात नसलेल्या भोगवटादाराच्या जमिनीस तीच तीन वर्षांची मुदत आहे: जिल्हाधिकाऱ्यानें जमीन ताब्यांत घ्यावी, एकेका वर्षाच्या कराराने लावावी, आणि तीन वर्षांत कोणी हक्कदार न आल्यास लिलाव करावा. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेल्या ज्या जमिनींस आपण आकारीपड म्हणतों, त्या बारा वर्षांच्या आंत थकबाकी भरून सोडवून घेण्याची सोय याच कायद्यांत होती. पुढें ती मुदत टळलेल्यांसहि जमीन परत मिळावी म्हणून अलीकडे त्यांत सुधारणा झाली.

आणि शाकुंतलाचा सहावा अंक कोणत्या संस्कृतज्ञास विसरतां येईल? धनमित्र नांवाचा समुद्रव्यापारी जहाज बुडून मरतो. त्यास संतान नाहीं, म्हणून त्याची संपत्ति राजाची, असें अमात्य लिहून पाठवितो. दुष्यंत सही करून मोकळा होत नाहीं. तो विचारतो, त्याच्या स्त्रियांपैकीं कोणी गर्भवती आहे काय, पहा. एक निघते, आणि तिच्या उदरांतील बालकास राजा पित्याच्या धनाचा स्वामी ठरवितो. हा प्रवेश आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला, तो राजाच्या औदार्याचें उदाहरण म्हणून. या खेपेस वाशिमच्या ओसरीवर त्याचा दुसराच अर्थ आम्हांस कळला. तेथें राजा वारस शोधीत होता आणि वारस अजून जन्मासहि आलेला नव्हता. येथें आम्ही अकराजण जन्मलेले, शिकलेले, घरोघर सुखवस्तु. आणि नगरपरिषदेस शोधून सांपडत नाहीं.

हेंच या प्रवासांत आम्हांस उमगलेलें मुख्य सत्य होय. आमचा वाडा बेवारस नाहीं. तो बहुवारस आहे, आणि त्याचमुळें तो पडतो आहे. फ्लिंटचीं घरें कोणीच नको म्हटल्यामुळें ओस पडलीं. आमचे वाडे, प्रत्येकास आपला वांटा हवा पण भार नको, म्हणून ओस पडतात. अशा घरास कोणतीहि पेढी तारूं शकत नाहीं, कारण कागद निर्मळ करण्याचा पहिला अधिकार आणि पहिलें कर्तव्य घरच्याच माणसांचें आहे.

त्या रात्रीं आम्हीं वंशवृक्ष काढला. आजोबांस तीन मुलगे, दोन मुली. मोठ्या काकांचे वारस चार. आम्ही भावंडें तीन. दोन आत्यांचीं मिळून चार. मधल्या काकांची शाखा काकूंबरोबर संपली. आत्यांचीं मुलें धरावयाचीं कीं नाहीं, असा प्रश्न एका चुलतबंधूंनीं विचारला. आम्हीं उत्तर दिलें कीं, १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी पित्याची वारस झालीच आहे, आणि २००५ च्या सुधारणेनें तर वडिलार्जित मिळकतींतहि तिला मुलाच्या बरोबरीचें स्थान दिलें आहे. शिवाय आत्यांस वगळून केलेला कागद पुढें टिकणार नाहीं. ५१,०४० रुपयांचे अकरा भाग केले, तर एकेकाच्या वांट्यास ४,६४० रुपये येतात. हातांतील मोबाईल यंत्रास आपण याहून अधिक देतों. दहा वर्षें या रकमेसाठीं एका घरची लेकरें पावसाळ्याच्या रात्रीं जागत बसलीं!

दुसऱ्या दिवशीं आमचा वांटा आम्हीं भरला, आणि पावती त्याच तारेस ओंवली. नंतर अकराही जणांस एकच मजकूर लिहिला. प्रथम पिंपळाची भिंत काळजीपूर्वक उतरवावी. सर्वांनीं थकबाकी आपापल्या वांट्यानें भरावी. आजोबांच्या मृत्यूचा दाखला व वंशावळ जोडून मिळकतपत्रिकेवर आणि नगरपरिषदेच्या वहींत सर्व वारसांचीं नांवें लावावीं. ज्यास वांटा नको, त्यानें नोंदलेलें हक्कसोडपत्र करून द्यावें. वडिलार्जित मिळकतींत आप्तांमध्यें त्याचें मुद्रांकशुल्क नाममात्र असतें. मग वाडा ठेवावयाचा कीं विकावयाचा तें ठरवावें. आणि विकावयाचा झाल्यास पूर्वेकडील पट्टी प्रथम शेजारच्या बाईंस, त्यांना झेपेल अशा किंमतीस विचारावी.

हा लेख लिहीपर्यंत आठांचीं उत्तरें आलीं आहेत. मिशिगनच्या मुलानें पैसे पाठविले, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा मागविला. थोरल्या आत्यांची मुलगी स्वतः वाशिमास जाऊन भिंतीचें काम उभें राहून करवून आली. तिच्या पत्रांत एकच वाक्य आमच्या जिव्हारीं लागलें, कीं या वाड्यासाठीं तिला कोणी कांहीं विचारल्याची ही पहिलीच वेळ. एका बंधूंनीं वाड्याची आज किंमत काय येईल, एवढेंच विचारलें आहे. दोघांचें उत्तर नाहीं. तेव्हां काम पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं. पण भिंत उतरली आहे, आणि येत्या पावसाळ्यांत त्या बाई आपल्या चुलीपाशीं निर्धास्त बसतील.

परततांना पद्मतीर्थावर थोडा वेळ थांबून काकूंच्या नांवानें अर्घ्य दिलें. गाडी मंगरूळपीराकडे वळली, तेव्हां मनांत आलें, आमच्या वाचकांपैकीं कितींच्या घरीं असा एखादा वाडा, एखादें परसू, एखादा आजोळचा तुकडा कोणा वारलेल्या वडील माणसाच्या नांवावर अजून उभा असेल? त्याची घरपट्टी कोण भरतें, हें आज रात्रीं जेवतांना घरांत विचारून पहावें. "दुसरा कोणीतरी भरीत असेल," असें उत्तर आलें, तर दुसऱ्या दिवशीं त्या गांवची गाडी धरावी.